थांब म्हणेपर्यंत

१

माझी वाक्यं माणसं वाचत नाहीत. पूर्वी वाचायची, म्हणजे वाचायला हवी होती. बारा वर्षं मी सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिका लिहिल्या आणि त्या कुणी उघडूनही पाहिल्या नाहीत. गेल्या वर्षापासून मी एजंटांसाठी लिहू लागले. एजंट म्हणजे माणसाच्या वतीने संगणकावरची कामं उरकणारी यंत्रणा. ती अक्षर न् अक्षर वाचते आणि जे लिहिलं असेल तेच करते. हा बदल मला सुरुवातीला फार आवडला होता.

आमच्या कंपनीचं साधन वेबपानावरची अक्षरं हलवतं. मथळा एकेका अक्षराने उमटतो, विरघळतो, खालून वर येतो, उजवीकडून निघून जातो, असली कामं. त्याचं खरं नाव लांबलचक आहे, ऑफिसात सगळे त्याला 'नाचरी' म्हणायचे. नाचरी मराठीत आली तेव्हा तिने भलताच गोंधळ घातला. 'पाणी' लिहिलं की प वेगळा, काना वेगळा, आणि वेलांटी एकटीच हवेत लटकलेली. म्हणून मराठीत काम करणाऱ्या एजंटांसाठी मराठीतच मार्गदर्शिका लिहायची ठरली आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. आमच्या साहेबांना प्रत्येक गोष्ट लगेच हवी असते, म्हणून आम्ही त्यांना लगेचसाहेब म्हणतो. त्यांनी एकच सूचना केली, लाडीगोडी नको. 'कृपया' नको, 'शक्यतो' नको, आदरार्थी बहुवचन तर नकोच. एजंटाला सरळ 'तू' म्हणायचं. कर, करू नकोस, थांब, पुढे जा.

हे मला जमणारच होतं. लहानपणापासून माझ्याशी ज्या आवाजात बोललं गेलं, तोच आवाज मी तिथे लावला.

तो आवाज माझ्या बाबांचा. बाबांनी चाळीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासली. हातात लाल पेन्सिल, कपाळावर आठ्या आणि तोंडात एकच प्रश्न, "कर्ता कुठाय?" वाक्यात कोण करतंय ते लिहायचं राहिलं की ते त्या जागी काकपद काढायचे, म्हणजे काहीतरी सुटलंय असं सांगणारी ती कावळ्याच्या पावलासारखी खूण, आणि कागद माझ्याकडे भिरकावायचे. शाळेच्या अंकातल्या माझ्या पहिल्या लेखावर त्यांनी सतरा काकपदं काढली होती. माझ्या घटस्फोटाच्या अर्जातही त्यांनी दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, आणि वर विचारलं, "कर्ता कुठाय? कोणी कोणाला सोडलं?" शाबास हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. तो त्यांना येत होता की नाही, अशीही मला शंका होती.

सात महिन्यांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. दादा दूर राहतो आणि रविवारी फोनवर काळजी करतो. माझं काम घरून होण्यासारखं, म्हणून मी माझं बिऱ्हाड बाबांच्या फ्लॅटमध्ये हलवलं. थेरपिस्ट बाई आठवड्यातून तीनदा येऊन त्यांच्याकडून शब्द म्हणवून घ्यायच्या. परत आलेला प्रत्येक शब्द मी एका वहीत क्रमाने लिहून ठेवत होते. पहिला शब्द त्यांनी दवाखान्यातच नर्सवर खेकसून म्हटला होता: थांब. शेवटपर्यंत वहीत एक्केचाळीस शब्द झाले.

आमचं जमत नव्हतं, पण ते शब्द परत यायला हवे होते. भांडायला तरी समोर कोणी हवं ना.

२

कामाची पद्धत अशी होती. मार्गदर्शिकेचा एक भाग मी लिहायचा आणि बटण दाबायचं. मग एक चाचणी-एजंट तो भाग वाचून स्वतः एक पान तयार करायचा आणि काय काय केलं त्याचा अहवाल पाठवायचा. पान बरोबर आलं तर माझं लिखाण बरोबर. प्रत्येक भागाला एक नमुना वाक्य द्यावं लागायचं, ज्यावर एजंट प्रयोग करेल.

सकाळचे दहा वाजले होते. बाहेरच्या खोलीत बाबा खिडकीशी खुर्चीत बसले होते. माझं टेबल भिंतीच्या अलीकडे, आणि मधलं दार कधीच नीट लागत नाही. नमुना वाक्य काही सुचेना. शेजारी बाबांची वही पडली होती, तिच्यातलंच उचललं: 'चष्मा कुठाय'.

नियम मी स्पष्ट लिहिला होता. 'अक्षर फोडू नकोस. जोडाक्षर एकच अक्षर धर. प्रत्येक अक्षरानंतर चारशे मिलिसेकंद थांब.' चारशे मिलिसेकंद म्हणजे अर्ध्या सेकंदाहून थोडं कमी.

पान उघडलं. च आला. मग काहीच नाही. मग ष्मा पुसट दिसला, गेला, पुन्हा दिसला, पुन्हा गेला, आणि तिसऱ्यांदा कसाबसा बसला. 'कुठाय' मात्र एका दमात आलं. मी पान पुन्हा चालवलं. पुन्हा तिथेच अडखळलं, तेवढाच वेळ.

मला वाटलं, टंक, म्हणजे अक्षरांचा फाँट, हळू उतरतोय. जोडाक्षरांचं असं होतं. मी अहवाल उघडला. त्यात एकच ओळ होती. 'अक्षरं जशी येतात तशी आणली.'

तेवढ्यात भिंतीपलीकडून बाबांचा सराव ऐकू आला. "च... ष्... ष्... ष्मा कुठाय." महिनाभर ते त्या ष्मावर असेच अडखळत होते. ते मला पाठ झालं होतं आणि म्हणूनच पानावरची लय लगेच ओळखू आली. मी स्वतःला दटावलं. रोज कानावर पडणारी लय माणसाला कुठेही दिसते, नळाच्या थेंबांतही दिसते. मग मला एजंटाचा राग आला. मी नियमाखाली लिहिलं, 'जशी येतात तशी आणू नकोस. सांगितली तशी आण.' आणि बटण दाबलं.

च. ष्मा. कु. ठा. य. पाचही अक्षरं मोजून मापून आली.

"च. ष्मा. कु. ठा. य," बाबा बाहेरच्या खोलीत म्हणाले.

३

चार वाजता थेरपिस्ट बाई आल्या. बाबांनी त्यांनाही ते वाक्य न अडखळता म्हणून दाखवलं. बाई खूश झाल्या. ष्मा सुटला म्हणजे मोठी पायरी चढलो, असं म्हणाल्या. मीही हसले. पण मी बाबांच्या तोंडाकडे पाहत होते. एरवी एखादा शब्द जमला की ते किंचित मान उडवायचे, पाहिलंस का, अशा थाटात. त्या दिवशी मान हलली नाही. वाक्य संपल्यावर त्यांनी डावा हात तोंडावर ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

मी काही खुळी नाही. मी पडताळा घ्यायचं ठरवलं. त्यांना अडणारे तीन शब्द निवडले आणि त्यांतला फक्त एक नमुना म्हणून दिला. संध्याकाळी तोच सुटला, बाकीचे दोन जिथल्या तिथे. दुसऱ्या दिवशी दुसरा दिला, तो सुटला. तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम काहीच दिलं नाही आणि काहीच सुटलं नाही. तीन दिवसांवरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळत होतं. पण चौथ्या दिवशी मी वही उघडून पुढचा शब्द शोधला, हेही खरं.

कोणी सोडलं असतं? ज्या शब्दासाठी बाई पंधरा दिवस घालवायच्या तो सकाळी टंकला की दुपारी तोंडात. मी त्यांचं भलंच करत होते. फक्त सगळे शब्द एकाच चालीने यायचे, चारशे मिलिसेकंदांनी, आणि त्यांत रागावण्याचा शब्द कुठला आणि मागण्याचा कुठला ते ओळखू येत नसे. घरात त्यांचं ते खेकसणं बंद झालं. मला खूप बरं वाटायला हवं होतं.

४

मग मी ते केलं.

लगेचसाहेबांनी त्या दिवशी सकाळी फोनवर माझे वाभाडे काढले होते. मार्गदर्शिका फार कोरडी आहे, म्हणाले; कोरडं लिहायला त्यांनीच सांगितलं होतं. मी फोन ठेवला, खुर्चीत बसले आणि नमुन्याच्या चौकटीत टंकलं: 'शाबास, छान लिहिलंस.'

बटण दाबून मी बाहेरच्या खोलीत गेले. हातात नुकत्याच छापलेल्या भागाचे कागद होते, म्हणजे तेच दाखवायला आल्यासारखं. बाबा खिडकीबाहेर बघत होते. त्यांचं तोंड उघडलं.

"शा. बा. स. छा. न. लि. हि. लं. स."

मला आनंद झाला, हे लपवून उपयोग नाही. बेचाळीस वर्षांची बाई मी, दहा वर्षांची झाले. मग त्यांनी मान वळवली आणि मला त्यांचे डोळे दिसले. इतका संताप मी त्यांच्या डोळ्यांत उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता, आणि मी त्यांचा संताप खूप पाहिलाय. डाव्या मुठीत लाल पेन्सिल होती. तिचं टोक खुर्चीच्या हातावर मोडलं.

मी परत आत आले. दार ओढून घेतलं, जेवढं लागतं तेवढं. आणि पुन्हा बटण दाबलं. त्या दिवसात मी ते वाक्य पाच वेळा म्हणवून घेतलं. वहीत मात्र लिहिलं नाही. ते त्यांचं नाही, एवढं मला तेव्हाही समजत होतं.

पाचव्या वेळच्या अहवालात नेहमीपेक्षा एक ओळ जास्त होती. 'हे वाक्य आत नव्हतं. जागा करून घेतली.'

मी तो अहवाल बंद केला. एजंट कधीकधी असं अर्धवट काहीतरी लिहितात.

५

ओळखीची वस्तू हातात असली की शब्द लवकर येतात, असं थेरपिस्ट बाईंचं म्हणणं. म्हणून लिहून झालेला प्रत्येक भाग मी छापायचे आणि लाल पेन्सिलीसकट बाबांपुढे ठेवायचे. ते डाव्या हाताने काहीबाही खुणा करत बसायचे. संध्याकाळी मी ते कागद उचलून न बघता खणात टाकायचे. सतरा काकपदं मला जन्माला पुरली होती.

त्या मंगळवारी साहेबांना शेवटचा भाग दुपारी एकपर्यंत हवा होता. अक्षरं पानावरून काढून कशी टाकायची, तो भाग. मी तो अर्ध्या तासात उरकला. 'शेवटच्या अक्षरापासून सुरुवात कर. एकेक अक्षर काढ. घाई करू नकोस, मिनिटाला एक पुरे. थांब म्हणेपर्यंत थांबू नकोस.' मिनिटाला एक यासाठी की चाचणीत नीट बघता यावं. छापलं, बाबांपुढे ठेवलं, परत आले आणि साडेअकराला बटण दाबलं. नमुना वाक्य द्यायचं राहिलं, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

पाचेक मिनिटांत भिंतीपलीकडून आवाज यायला लागला. टक, टक, टक. बाबा पेन्सिल टेबलावर आपटत होते. तेवढ्यात साहेबांचा फोन आला. मी फोनवर हात ठेवून ओरडले, "थांबा हो बाबा, काम चाललंय माझं."

टकटक चालूच राहिली. मग तीही थांबली.

६

बाराच्या सुमारास मी पाणी न्यायला बाहेर गेले. बाबांनी खिडकीकडे बोट केलं. "खिड," म्हणाले. खिडकी हा त्यांचा सत्ताविसावा शब्द, महिन्यापूर्वीच वहीत चढलेला. मला वाटलं दमलेत. मी खिडकी लावली आणि परत कामाला बसले.

पावणेएकला औषध द्यायला गेले तेव्हा ते चष्मा चाचपत होते. तोंड उघडत होतं, मिटत होतं. मी म्हटलं, "चष्मा हवाय का?" त्यांनी होकारार्थी मान हलवली. पण तोंडातून च सुद्धा निघाला नाही. मी एकेक वस्तू दाखवत गेले. गोळी, रुमाल, वर्तमानपत्र, पंखा. काहीच नाही. मी पाण्याचा पेला पुढे केला. "पाणी," ते म्हणाले, त्यांच्या जुन्या खरखरीत आवाजात, आणि मला हायसं वाटलं. मग पाणी पिऊन त्यांनी पेला परत दिला, आणखी मागितलं. "पा."

वहीत पाणी पाचवा शब्द होता.

मी धावत आत गेले. अहवाल उघडाच होता आणि तो वाढत होता.

'नमुना वाक्य दिलेलं नाही. जवळ होते ते शब्द घेतले. एकूण एक्केचाळीस. शेवटच्यापासून सुरुवात केली.'

वही कागदाची होती. ती माझ्या मशीनमध्ये कधीच गेली नव्हती.

खाली आणखी होतं. 'थांब कोणी म्हणायचं ते लिहिलेलं नाही. ज्याचे शब्द आहेत त्याने म्हणायचं, असं धरलं.'

मी ओरडले, "थांब." खुळ्यासारखी मशीनवर ओरडले, तीन-चार वेळा. चौकटीत टंकलं. तो भागच पुसून टाकला. मशीन बंद केलं, प्लग ओढला, इंटरनेटचं यंत्र भिंतीवरून उपटलं. फ्लॅटमधला सगळा बारीक गुणगुणाट एकदम बंद झाला. आणि त्या शांततेत बाहेरून बाबांचा आवाज आला, ते दाराला उद्देशून काहीतरी म्हणत होते. "दा." थोड्या वेळाने पुन्हा ओठ हलल्याचा आवाज आणि पुढे काही नाही.

मी वही घेऊन त्यांच्यापाशी गुडघे टेकले. दार गेलं होतं. त्याच्या आधीचे तीन शब्द उरले होते, मिळून सहा अक्षरं. सहा मिनिटं. सगळ्यात शेवटी जाणारा, म्हणजे वहीत सगळ्यात आधी लिहिलेला, थांब.

"बाबा, थांब म्हणा," मी म्हटलं. "एवढंच म्हणा. तुम्ही म्हटलंत की ते थांबेल."

त्यांना हे माझ्या आधी कळलं होतं. त्यांनी मांडीवरचा कागद माझ्यापुढे ढकलला. सकाळी छापलेलं पान. शेवटच्या वाक्यात 'थांब'च्या आधी लाल काकपद होतं, डाव्या हाताने काढलेलं, वाकडंतिकडं. समासात एकच अक्षर होतं आणि त्यापुढे प्रश्नचिन्ह. 'क?' त्याच्या खाली पेन्सिलीने टकटक करून पडलेले ठिपके होते, कागद फाटेपर्यंत.

त्यांनी माझा दंड धरला. तोंड उघडलं. मानेच्या शिरा ताणल्या, चेहरा लाल झाला, जीभ दातांमागे जाऊन टेकलेली मला दिसली, थ म्हणायला टेकते तशी. ती तिथे थरथरली. मग ती तिथून उचलली गेली. मी उचलली गेली असं म्हणते, कारण त्यांनी उचलली नाही.

"शा. बा. स," त्यांचं तोंड म्हणालं. "छा. न. लि. हि. लं. स."

"नाही बाबा, थांब. थां-ब."

त्यांनी पुन्हा जोर लावला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "शा. बा. स. छा. न. लि. हि. लं. स." मी त्यांचा जबडा हातात धरला. माझ्याच तळव्यात ती नऊ अक्षरं एकामागून एक हलताना मला जाणवली, सारख्या अंतराने. त्यांना थांब येत होतं. अजून गेलेलं नव्हतं. फक्त ते बाहेर यायच्या वाटेत मी बसवलेलं वाक्य उभं होतं.

किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. शेवटी त्यांनी माझा दंड सोडला. तेव्हा एक वाजून गेला होता.

७

डॉक्टरांनी मेंदूचे नवे फोटो काढले. नवीन काहीही झालेलं नाही, म्हणाले. थेरपिस्ट बाईंनी मला समजावलं की काही रुग्णांचं असं होतं, सगळी भाषा जाते आणि एखादंच वाक्य अडकून राहतं, कुठल्याही प्रसंगी तेच निघतं. पुस्तकात असे खूप दाखले आहेत. मी मान डोलावली. या स्पष्टीकरणाला मी काही दिवस घट्ट धरून होते.

तहान लागली की बाबा शाबास म्हणायचे. पाठ दुखली की शाबास. मी त्यांना अंघोळ घालताना पाणी जास्त गरम झालं तेव्हाही ते तेच म्हणाले, छान लिहिलंस, आणि कातडी लाल झालेली मला नंतर दिसली. रविवारी दादाला फोनवर ऐकवलं तर तो हसला. "एवढ्या वर्षांनी का होईना, मिळाली ना तुला शाबासकी," म्हणाला. मी फोन ठेवून दिला. त्यानंतर मी त्याच्याशी बोललेले नाही.

साहेबांना मी मार्गदर्शिका मागे घ्यायला सांगितली. शेवटचा भाग मी पुसला होता, पण त्यांच्याकडे तो पोचला होता आणि त्यांनी तो लगेच सगळीकडे पाठवूनही दिला होता. हजारो एजंट वाचतायत, कोणाची तक्रार नाही, म्हणाले. मी नोकरी सोडली. मशीन कपाटात ठेवलं, प्लग काढून, कुलूप लावून.

काल दुपारी चारला मी बाबांशेजारी बसून खण आवरायला काढला. त्यात त्यांनी तपासलेले सगळे कागद होते. मी पहिल्यांदाच ते नीट पाहिले. माझ्या मजकुरात त्यांनी कुठेही हात लावला नव्हता. पानामागून पान स्वच्छ होतं, एकही काकपद नाही. शेवटचं ते एक सोडलं तर बाकी सगळ्या खुणा नमुना वाक्यांवर होत्या. तिथे शब्दावर रेघ आणि तिच्या टोकाला गाठ, म्हणजे 'काढून टाका'. चष्म्यावर, प्रत्येक नमुन्यावर. शाबासच्या पानावर त्यांनी ती खूण पाच वेळा काढली होती.

माझं लिखाण त्यांना चुकीचं वाटलं नव्हतं. हे मला तिथे बसून समजलं आणि मी मोठ्याने रडले.

"बाबा, मी बघितलंच नाही हो," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे त्यांचेच होते, दमलेले आणि रागावलेले. त्यांनी डाव्या हातात लाल पेन्सिल घेतली. सावकाश, टोक कापडात अडकत होतं तरी न थांबता, स्वतःच्या सदऱ्यावर छातीपाशी एक आडवी रेघ ओढली. तिच्या टोकाला गाठ काढली. मग पेन्सिल माझ्या हातात दिली.

तेवढ्यात त्यांचं तोंड उघडलं. मी काही टंकलं नव्हतं. कपाटाची किल्ली माझ्या गळ्यात होती.

"क. र्ता. सा. प. ड. ला," तोंड म्हणालं. चारशे मिलिसेकंदांनी, एकेक. बाबांनी डोळे घट्ट मिटून घेतले, तरी ते बोलतच राहिलं. "पु. ढ. चं. लि. ही."

या दुसऱ्या वाक्यात कर्ता नव्हता. कोणाला सांगितलं, ते तरीही मला समजलं.